स्टँडवर कुणालाही विचारा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही तिसरीचं निम्मं वर्ष मेंढरांमागं गेलं. आमचं माहेर जत तालुक्यातलं. पाऊस दडला की वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि सगळं घर त्यांच्यामागं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, वाचायची खोड मात्र सुटली नाही. वाणसामानाच्या पुडीचा कागद, खताच्या पोत्यावरची माहिती, दुसऱ्याच्या घरातली लग्नपत्रिका, जे नजरेला पडेल ते मी वाचते. आणि कुणी बघत नसलं की लिहिते. हेसुद्धा तसंच लिहितेय, मालक रानात गेल्यावर, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला.

लिहिते म्हणजे मोठं काही नाही. उखाणे लिहिते.

त्याची सुरुवात माझ्याच लग्नात झाली. कुंडलला आले तेव्हा उंबऱ्यात अडवून बायका म्हणाल्या, नाव घे. मी इतकी बुजरी की माझी जीभच हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "मेंढरामागची पोर हाय, हाकलल्याबिगर आत जायची न्हाई." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आडोशानं मी बोलून गेले,

मेंढरांच्या मागं फिरले शिवारन् शिवार,
… रावांच्या घरात आता मीच राखणदार.

बोलणारी बाईच मग सगळ्यात जास्त हसली. तिच्याच पोरीच्या लग्नात मग तीच उखाणा मागायला माझ्याकडं आली, मागच्या दारानं. तेव्हापासून मागचं दार चालू आहे.

मुलगी आली की मी तिला चुलीपाशी बसवते आणि विचारते, तू काय करतेस, तो काय करतो, आणि तुझ्या माहेरच्या दारात काय आहे. एवढं कळलं की उखाणा निम्मा झालेला असतो. उरलेला भाकरी थापताना होतो. नवऱ्याच्या नावाच्या जागी मी तीन टिंबं देते, नाव ज्याचं त्यानं घालायचं. द्राक्षबागेत दिलेल्या एका पोरीला मी लिहून दिलं होतं,

द्राक्षाच्या वेलीला तारेचा आधार,
… रावांच्या संसारात निम्मा माझा कारभार.

ती पोर आता सगळाच कारभार करते म्हणे.

आमचं घर पिठाच्या गिरणीच्या मागं. गिरणीत डबे रांगेला लावून बायका बोलत बसतात, त्यामुळं गावातल्या बायकांना उखाणा कुठं मिळतो ते ठाऊक झालं. देणंघेणं काही नव्हतं. कुणी वाटीभर साखर आणायचं, कुणी नुसतंच हसून जायचं. आणि संक्रांत झाली की मी बाकीच्या बायकांसारखी द्राक्षाच्या शेडवर जायची. शेडमध्ये उभं राहून घड निवडायचे, खराब मणी कात्रीनं काढायचे, पेट्या भरायच्या. काम वाईट नाही, गप्पा भरपूर होतात. पण गेली काही वर्षं माझे गुडघे संध्याकाळी माझे राहत नाहीत. जिन्याला हात धरून चढावं लागतं, आणि आमच्या घराला जिना नाही, दोन पायऱ्या आहेत.

त्या दिवाळीत माझी भाची आली होती. माझी धाकटी बहीण साताऱ्यात दिलेली, तिची ही मुलगी. ती घरी बसून लिहिण्याचंच काम करते. नोकरी कुणाची नाही. ज्याला मजकूर पाहिजे त्याला लिहून द्यायचा, मग ते बियाण्याच्या कंपनीचं पत्रक असो की दवाखान्याची माहिती. तिच्यासमोरच एक पोर मागच्या दारानं आली, उखाणा घेतला आणि गेली. भाची दाराकडं बघत राहिली.

"मावशी, तिनं काय दिलं?"

"काय द्यायचं? पोरगी हाय ती."

"आणि बायका म्हणतात तू परत शेडवर जाणार."

"जायाचंच की."

"मावशी, तू आणि मी एकाच धंद्यातल्या आहोत. तुला फक्त कळलं नाहीये."

"जा तिकडं. करंज्या खा."

तिनं करंजी खाल्ली, पण विषय सोडला नाही. जेवायच्या वेळी तिनं तो मालकांच्या पुढ्यात ठेवला. संक्रांतीपर्यंत तिनं सांगितलेलं करून बघायचं. बाहेरगावच्या लोकांनी येऊन उखाणे मागितले आणि कामाचा मोबदला दिला, तर मावशीनं शेडवर जायचं नाही. कुणीच आलं नाही, तर भाचीनं पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मालक म्हणाले, "बाहिरगावची माणसं उखाण्यासाठी एसटीचं तिकीट काढत्यात व्हय?"

"येतील, काका."

"येऊ देत. मला काय, गुडघं हिचं हायत."

असं ते बोलले, पण रात्री मला म्हणाले, "मुकादमणीला लगेच व्हय म्हणू नगंस. संक्रांतीपतुर थांब." मुकादमीण म्हणजे आमच्या टोळीची बाई. तिला बायका किती लागणार ते आधी सांगावं लागतं, म्हणून ती दिवाळीपासूनच विचारत फिरते.

भाचीनं मला जे सांगितलं त्याला गेस्ट ब्लॉग म्हणतात. इंटरनेटवर ज्याचं त्याचं लिहिण्याचं घर असतं, तो ब्लॉग. काहींच्या घरी रोज मोठा राबता असतो. आपल्याला कुणी ओळखत नसतं, तेव्हा अशा राबत्याच्या घरी जाऊन एक लेख लिहायचा. पैसे मागायचे नाहीत. लेखाच्या खाली दोन ओळी आपल्या असतात, आपण कोण आणि आपल्याला कुठं गाठायचं ते सांगणाऱ्या. ज्यांना लेख आवडतो ते त्या ओळी धरून आपल्याकडं येतात. भाचीला निम्मं काम असंच मिळालं होतं.

मी जरा विचार केला आणि तिला म्हणाले, "म्हंजी आपली भाजी करून दुसऱ्याच्या पंगतीत वाढायला जायाचं."

"म्हणजे कसं?"

मी तिला आमच्या गावच्या आचाऱ्याचं सांगितलं. त्याला सुरुवातीला कुणी बोलवत नव्हतं. मग त्यानं एका मोठ्या घरच्या लग्नात नुसती वांग्याची भाजी करून दिली, फुकट. पंगतीत लोक विचारायला लागले, भाजी कुणाची. त्या हंगामापासून त्याला सवड नाही.

भाची म्हणाली, "बरोबर. पण एक आहे, मावशी. पंगतीत वाढताना त्यानं 'माझी भाजी बघा कशी झालीय' असं म्हणायचं नाही."

तिनं स्वतः ते केलं होतं. एका शेतीच्या ब्लॉगला पहिला लेख पाठवला त्यात ठिबक सिंचनापेक्षा तिचंच कौतुक जास्त होतं. त्यांनी लेख परत पाठवला आणि पुढची ओळखही दाखवली नाही. तेव्हापासून ती आधी त्या घरचे जुने लेख वाचते, तिथं कोण वाचायला येतं ते बघते, त्यांना काय नडलंय ते शोधते, आणि मग पत्र लिहिते की मी तुमच्या वाचकांसाठी अमुक एक लिहू का. हे सगळं मला फार पटलं. कुणाच्या घरी डबा नेताना त्या घरात तिखट खातात की अळणी हे बघायला नको का?

आम्ही निवडला तो वाईच्या एका बाईंचा ब्लॉग. लग्नातले विधी, हळद, रुखवत, साड्या असं सगळं त्यांच्याकडं असतं. भाचीनं फोनवर मला त्यांचे लेख वाचायला दिले. चार दिवस मी भाकऱ्या करपवल्या. लेखांच्या खाली मुली लिहितात, तेही मी वाचलं. सगळ्या पुण्यामुंबईला नोकरीला, शिकलेल्या, आणि सगळ्यांची रड एकच. उखाणा पाठ असतो, पण शंभर माणसांत माइक तोंडापुढं आला की अडखळायला होतं.

हे तर माझंच दुखणं. मी लिहायला बसले.

मी लिहिलं की उखाणा आवडला म्हणून घेऊ नका, तोंडात बसतो का ते बघा. ज्या अक्षरावर तुमची जीभ अडते ते अक्षर त्यात नको. पहिली ओळ लांब चालेल, दुसरी आखूड पाहिजे, कारण दुसऱ्या ओळीला धीर संपत आलेला असतो. नाव घेण्याआधी श्वास घ्या, नाव घेताना नको. माइककडं बघू नका, समोरच्या बायकांत जी हसरी असेल तिला सांगतोय असं सांगा. आणि उखाणा संपला की लगेच मान खाली घाला, म्हणजे हसू झाकतं आणि लोकांना वाटतं मुलगी लाजली. शेवटी नमुन्याला एक दिला, दवाखान्यात नर्स असलेल्या मुलीसाठी केलेला,

सुई बघून भलेभले घट्ट मिटतात डोळे,
… राव माझ्याकडेच बघतात भोळे.

भाचीनं ते फोनवर उतरवून वाईला पाठवलं. दोन दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. भाचीनं फोन माझ्या हातात दिला आणि ती मुद्दाम अंगणात गेली.

"ताई, लेख घेतला बरं का. फार छान आहे. फक्त सुरुवातीचं थोडं काढलंय."

"काय काढलं?"

"तुम्ही तीन वेळा लिहिलंय की मी अडाणी आहे, चुकलंमाकलं पदरात घ्या. ते काढलं."

"एकदा तरी ठेवा की."

त्या हसल्या. "नाही ठेवत. पाहुणी दारात उभी राहून माफीच मागत बसली तर आत कधी येणार?"

त्यांचं बरोबर होतं. पण पुढचं अवघड निघालं. लेखाखालच्या दोन ओळी. त्यांना माझं नाव, फोटो आणि फोन नंबर पाहिजे होता. फोटो मी देणार नव्हते. नावही नको म्हणाले, गावात कुणी वाचलं तर मी पाण्याला कशी जाऊ. आणि फोन आमच्या घरात एकच, तो मालकांच्या खिशात. कुणी परक्या बाईनं फोन करून उखाणा मागितला तर ते बैलाच्या किमती सांगतील.

भाची म्हणाली, "माझा नंबर देऊ."

"नगं. तुझं काम तुला थोडं हाय का?"

"मग लोकांनी तुला गाठायचं कसं, मावशी?"

मी तिला आमच्याकडं पत्ता जसा सांगतात तसा सांगितला. आमच्या गावात घराला नंबर असतो तो फक्त घरपट्टीच्या पावतीवर. येणारा माणूस स्टँडवर उतरतो, विचारतो, आणि कुणीतरी बोट करतं. माझं उभं आयुष्य असंच गेलं. जतला तर एवढंही लागत नाही, मेंढरं कुठल्या अंगाला गेली एवढं विचारलं की माणूस सापडतो. म्हणून मी भाचीला लिहायला लावलं, "या कुंडलच्या बाई लग्नासाठी उखाणे लिहून देतात. कुंडलच्या एसटी स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, घर दाखवतील."

भाचीनं कपाळाला हात लावला. पण वाईच्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी जसंच्या तसं छापलं.

लेख आला. भाची साताऱ्याला परत गेली होती, ती फोन करून सांगायची. किती मुलींनी वाचला, कुणी काय लिहिलं. एकीनं लिहिलं होतं की मान खाली घालायची युक्ती जमली. एकीनं लिहिलं, आमच्या आजीचीच आठवण आली. मालक फोन कानाला लावून ऐकायचे आणि मला सांगताना निम्मं विसरायचे. मला हे सगळं गोड लागायचं, पण येणारं कुणी येईना. कार्तिक गेला. तुळशीचं लग्न होऊन गावोगाव मांडव पडायला लागले, आणि माझं मागचं दार गावातल्याच पोरी वाजवत राहिल्या. मुकादमीण भेटली की विचारायची, "मग धरू का न्हाई तुला?" मी म्हणायची, "संक्रांत हुंदे." ती माझ्याकडं अशी बघायची जशी काही मला दुसरीकडं मोठी नोकरी लागलीय.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी पुढच्या दाराची कडी वाजली. आमचं पुढचं दार दुपारी कुणी वाजवत नाही. उघडलं तर निवृत्त गुरुजी. गावात कुणाचा सत्कार असो, श्रद्धांजली असो, कविता यांचीच. त्यांच्यामागं चार माणसं. एक मळकट फेट्यातले म्हातारे, एक बाई, एक तरणा गडी आणि त्यांच्या मध्ये खाली मान घातलेली एक मुलगी. गुरुजींच्या मागून त्यांची बायकोही आली होती, आणि तिचं तोंड हसून हसून लाल झालं होतं.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, ही मंडळी जतहून आलीत. उखाणे पाहिजेत म्हणतात. मी म्हटलं मीच देतो."

"मग द्या की," मी म्हणाले. घाबरून दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांची बायको म्हणाली, "आवं, तासभर बसवून घेतलं त्यास्नी. च्या झाला, कविता झाल्या. मी आतनं सांगतीया, त्यास्नी तुमी नगं, गिरणीमागली पायजे. ऐकायला येतंय कुणाला."

मग सगळं उलगडलं. ती मंडळी वाईच्या ब्लॉगवरचा लेख वाचून आली होती. तरणा गडी मुलीचा भाऊ, त्यानंच तो फोनवर वाचलेला. स्टँडवर उतरून त्यांनी लिहिल्याप्रमाणं कुणालाही विचारलं. पानपट्टीवाला म्हणाला, उखाणेवाल्या बाई इथं कुणी न्हाईत. दुसऱ्यानं सांगितलं, लिहिण्याचं असेल तर गुरुजींकडं जा.

गुरुजींची बायको पुढं म्हणाली, "आणि मागल्या आठवड्यात बी एक जोडपं आलं हुतं म्हणं कराडाकडनं. त्यास्नी तर स्टँडवरनंच माघारी लावलं."

त्याच वेळी मालक रानातून आले. दारात एवढी माणसं बघून त्यांना वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. सगळं ऐकल्यावर ते डोक्यावरची टोपी काढून झटकायला लागले. टोपीला काही लागलेलं नव्हतं.

मी विचारलं, "आवं, त्या जोडप्याचं तुमास्नी काय ठावं हाय का?"

"त्ये… पानपट्टीवर मीच बसलो हुतो."

"मग?"

"माज्याच म्होरं इचारलं त्यांनी. म्हणलं, गावात उखाण्याच्या लेखिका ऱ्हात्यात, त्यांचं घर कुठं. मी म्हणलं, आमच्या गावात लेखिका न्हाई."

गुरुजींची बायको भिंतीला टेकली. मालक तिच्याकडं बघून म्हणाले, "वैनी, हसू नगा. लेखिका म्हणल्यावर मला हिची आठवण कशी हुईल? मला वाटलं कोण चष्म्याची बाई आसंल."

मला राग यायला पाहिजे होता. पण मला हसूच आलं. चूक त्यांची नव्हतीच. मी लिहिलं होतं कुणालाही विचारा, आणि माझ्या मनात कुणालाही म्हणजे बायका होत्या. गिरणीत, नळावर, मळणीच्या खळ्यावर कुठलीही बाई माझं दार डोळे झाकून दाखवेल. पण स्टँडवर बायका कुठं असतात? त्या उतरतात आणि घराकडं चालायला लागतात. बसतात ते पुरुष. आणि एवढी वर्षं मी मागचं दार लावून घेतलं होतं ते त्यांच्याच कानापासून.

मंडळी आत बसली. ती बाई, मुलीची आई, बाहेर काहीच बोलत नव्हती. मी पाण्याचा तांब्या पुढं करताना आमच्या आईच्या सवयीनं विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवणं झाली का, एवढंच. आमच्या जतकडं निम्मं बोलणं कन्नडातच चालतं. त्या बाईनं मान वर केली आणि तिचा चेहरा सगळा मोकळा झाला. मग ती थांबलीच नाही. मुलगी सांगलीला शिकली, तिथल्याच घरात दिलीय, बारमाही नळाच्या गावात. सासरचे लोक हौशी, माइक लावून नाव घ्यायला लावणार. आणि आमची पोर तर घरातसुद्धा मोठ्यानं बोलत नाही.

मी मुलीला चुलीपाशी घेऊन गेले. तिथं पुरुष येत नाहीत. विचारलं, तू काय करतेस. ती म्हणाली, कॉलेज झालं. तो काय करतो. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मी तिसरं विचारलं, दारात काय आहे तुमच्या. ती म्हणाली, "काय न्हाई. टँकर थांबतो."

चहाला उकळी येईपर्यंत झाला,

टँकरच्या रांगेत शिकले धीर धरायला,
… रावांच्या घरी आले घागर भरायला.

तिनं तो ओठातल्या ओठात म्हणून बघितला. मग जरा मोठ्यानं, तीन टिंबांच्या जागी नाव घालून, आणि नाव घेतल्याबरोबर मान खाली. मी तिला ते सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनंसुद्धा लेख वाचला होता.

बाहेरून तिचा भाऊ म्हणाला, "आक्का, आईकू आलं की गं इथवर."

मग बसून आम्ही सगळे उखाणे केले. घरात येतानाचा, घास भरवतानाचा, सासूनं विचारला तर एक, आणि नणंदेनं छळलं तर एक. गुरुजींना मी म्हणाले की नवऱ्या मुलासाठी एक तुम्ही करा, तो त्यांनी फार मन लावून केला. जाताना मोबदल्याचं बोलायची वेळ आली. भाचीनं मला आकडा पाठ करून दिला होता, तो मी चुलीकडं बघत सांगितला. मुलीची आई म्हणाली, "येवढंच?" आणि तिनं वर एक लोकरीची घोंगडी ठेवली, आमच्याच भागात विणलेली. तिचा तो तेलकट वास घरभर राहिला. मालक रात्री तीच पांघरून झोपले.

दुसऱ्या दिवसापासून मालक स्टँडवर असे बसायला लागले जशी काही त्यांची तिथं नेमणूक झालीय. पानपट्टीवाल्याला, वडाप जीपवाल्यांना, कंडक्टरला, सगळ्यांना सांगून झालं. "गड्या, कुणी लेखिका म्हणून इचारलं तर आमच्या घरला लावून द्यायचं. चष्मा न्हाई तिला, पर तीच." म्हणजे जे गावाला कळू नये म्हणून मी नाव छापलं नाही, ते यांनी आठ दिवसांत एसटीच्या वेळापत्रकासारखं सगळ्यांना पाठ करून दिलं. मी दोन दिवस पाण्याला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, तर कुणी काहीच म्हणालं नाही. एकीनं फक्त माझी घागर आधी भरून दिली.

भाचीला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या घरातलं कुणीतरी बघायला आलं. मग ती कामाचं बोलली. एक लेख पुरत नाही, दुसऱ्या पंगतीत जायला पाहिजे. सांगलीची एक मुलगी रुखवताचा ब्लॉग चालवते, तिच्यासाठी आम्ही रुखवतातल्या वस्तूंवरच्या दोन ओळींच्या पाट्या कशा लिहायच्या ते लिहिलं. या वेळी माफी मी एकदाच मागितली. तीही त्या मुलीनं काढली. आणि शेवटच्या दोन ओळींवर आमचं परत वाजलं.

"मावशी, आता तरी नंबर दे."

"तुझा नंबर दे मग. पर पत्ता बी ऱ्हाऊदे."

"स्टँडचा?"

"न्हाई. लिही, कुंडलच्या पिठाच्या गिरणीत विचारा."

संक्रांतीच्या आधी बाजरीचा डबा घेऊन मी गिरणीत गेले होते. भोगीच्या भाकरीसाठी गावाला एकाच दिवशी बाजरी आठवते, त्यामुळं रांग दारापर्यंत आलेली. मुकादमीण माझ्या पुढं होती. शेड दोनच दिवसांत सुरू होणार होतं.

"हं, आली संक्रांत," ती म्हणाली. "आता सांग. धरू का न्हाई?"

मी तोंड उघडणार एवढ्यात दारात एक मोटरसायकल थांबली. बाप आणि मुलगी असावीत. मुलीच्या हातात फोन. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात बापानं ओरडून गिरणवाल्याला विचारलं, "मामा, उखाणेवाल्या बाई कुठं ऱ्हात्यात?"

गिरणवाल्याच्या भुवयांपर्यंत पीठ. त्यानं वर बघितलंही नाही. हातानं दाणे लोटत तोही ओरडला, "गाडी हितंच लावा. उजव्या अंगानं मागं जावा, बोळात दोन पायऱ्यांचं घर. म्होरलं दार वाजवा, मागलं गावातल्यांचं हाय."

त्या दोघांनी गाडी लावली. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं आणि एकीनंही त्या पाहुण्यांना सांगितलं नाही की ती ही बघा. त्यांना मी ठाऊक आहे. मुकादमीणही माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी तिला म्हणाले, "माझा डबा तेवढा बघशील का? बारीक दळायला सांग."

ती म्हणाली, "जा. आणि शेडवर दुसरी बगती मी." मग मागून हळूच, "आमच्या धाकटीचं हाय फागुनात. कवा येऊ?"

मी पदर सारखा केला आणि डावीकडच्या आखूड वाटेनं निघाले. पाहुणे पोचायच्या आत मला चहा ठेवायचा होता आणि पुढचं दार आतून उघडायचं होतं.